बाईला वकील होता येतं का?

आज मी तुम्हाला आपल्या देशातल्या पहिल्या वकील बाईंची गोष्ट सांगणार आहे. पण त्याआधी गावातलीच एक गोष्ट सांगते, म्हणजे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची ही गोष्ट मला आज का सांगावीशी वाटली ते तुम्हाला कळेल. जिची आहे तिला विचारूनच सांगते आहे. नाव सांगत नाही.

आमच्या केळझरच्या एका बचत गटातली बाई. नवरा वारला त्याला वर्ष होत आलं होतं. सासरा त्याच्याही आधी गेलेला, पण वावर अजून सासऱ्याच्याच नावानं होतं. वारसनोंद राहून गेली होती. एक दिवस दिरानं कागद पुढे ठेवला आणि म्हणाला, "वहिनी, सही करून दे, बाकीचं मी पाहून घेतो." तिनं सही केली नाही. वाचल्याशिवाय सही करायची नाही, हे आपण गटाच्या पहिल्या बैठकीपासून सांगतो, ते तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. तो कागद हक्कसोडीचा होता.

मी तिला घेऊन एका वकिलांकडे गेले. माणूस भला होता. बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि विचारलं, "बोला ताई, काय अडचण आहे?" ती बोलेचना. पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसून राहिली. शेवटी वावराचं सगळं मीच सांगितलं. बाहेर आलो, रसवंतीवर उसाचा रस घ्यायला बसलो, तेव्हा तिला रडू फुटलं. दिरानं नुसता कागद पुढे ठेवला नव्हता. तो रात्री तिच्या खोलीचं दार वाजवायला लागला होता. मी म्हटलं, "अगं, मग आत हे का नाही सांगितलं?" ती म्हणाली, "हे त्या मानसाले कसं सांगू, ताई?"

मैत्रिणींनो, वकील चांगला होता. कायदाही तिच्या बाजूनं होता. पण जे सांगायचं ते तिच्या ओठाबाहेरच आलं नाही, तर वकील काय करणार आणि कायदा तरी काय करणार?

नेमक्या ह्याच प्रश्नावर एका बाईनं आपलं सगळं आयुष्य खर्च केलं. ती आपल्या महाराष्ट्रातलीच. तिचं नाव कॉर्नेलिया सोराबजी.

कॉर्नेलियाचा जन्म १५ नोव्हेंबर १८६६ रोजी नाशिकला झाला. वडील पारशी होते, त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता आणि ते धर्मोपदेशक म्हणून काम करत. आई फ्रान्सिना ही शिक्षणाचं वेड असलेली बाई. तिनं पुण्यात शाळा काढल्या. कॉर्नेलियाचं लहानपण बेळगाव आणि पुण्यात गेलं. घर भावंडांनी भरलेलं, त्यात मुलीच जास्त, आणि मुलींना मुलांइतकंच शिकवायचं हा आईबापांचा हट्ट.

पुण्याच्या त्या घरी नाना तऱ्हेच्या बाया आईकडे गाऱ्हाणी घेऊन येत. त्यांत एकदा गुजरातेकडची एक विधवा आली. पैसेवाली, पण पडद्यात राहणारी. तिच्या विश्वासातल्या कारभाऱ्यानं तिच्याकडून कागदावर सही करून घेतली आणि तिची सगळी इस्टेट गिळली. कॉर्नेलियानं ते ऐकलं. आईनं मुलीला सांगितलं, अशा बायकांना मदत करायची तर कायदा शिक. वावराच्या कागदाची आमची गोष्ट आणि ही गोष्ट, ह्यांत सव्वाशेहून जास्त वर्षांचं अंतर आहे. कागद मात्र तोच.

कायदा शिक म्हणणं सोपं होतं. तिच्या मोठ्या बहिणींना मुंबई विद्यापीठानं दारातूनच परत पाठवलं होतं. १८८३ मध्ये विद्यापीठानं मुलींना परीक्षेला बसण्याची मोकळीक दिली आणि कॉर्नेलिया पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दाखल झाली. कॉलेजातली ती पहिली मुलगी. वर्गभर मुलगे आणि ही एकटी. पदवीच्या परीक्षेत ती पहिल्या वर्गात आली. तेव्हा अशा हुशार विद्यार्थ्याला विलायतेत शिकायला सरकारी शिष्यवृत्ती मिळायची. पण ती मुलग्यांसाठी. गुण तेच, परीक्षा तीच, पण मुलगी म्हणून शिष्यवृत्ती नाही.

त्याच वर्षांत मुंबईत रखमाबाईंचा खटला गाजत होता, हे इथं आठवलं पाहिजे. लहानपणी लावून दिलेल्या लग्नाच्या नवऱ्याकडे नांदायला जाणार नाही, असं रखमाबाईंनी ठणकावून सांगितलं. १८८७ मध्ये न्यायालयानं हुकूम दिला: नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. त्या तुरुंगात जायला तयार झाल्या. शेवटी १८८८ मध्ये पैसे देऊन तडजोड झाली. पुढे त्या विलायतेला जाऊन डॉक्टर झाल्या. पण तो खटला डोळ्यांसमोर आणा. प्रश्न बाईच्या आयुष्याचा, आणि तिचा वकील पुरुष, समोरचा वकील पुरुष, न्यायाधीश पुरुष, कागद लिहिणारा कारकूनही पुरुष. सगळ्या दालनात बाई एकच, आणि तिच्यावरच खटला.

कॉर्नेलियानं काही दिवस अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात मुलग्यांना शिकवलं. मग विलायतेतल्या काही बायकांनी तिच्यासाठी वर्गणी गोळा केली. वर्गणी देणाऱ्यांत फ्लॉरेन्स नाइटिंगेलही होत्या. १८८९ मध्ये ती ऑक्सफर्डला सॉमरव्हिलमध्ये शिकायला गेली. कायद्याच्या मोठ्या परीक्षेला बसू द्यावं म्हणून विद्यापीठाला खास परवानगी द्यावी लागली. १८९२ मध्ये ती परीक्षा देणारी ती पहिली बाई ठरली. पास झाली, पण पदवी हातात पडली नाही. ऑक्सफर्डनं बायकांना पदव्या द्यायला १९२० साल उजाडलं. तिला पदवी मिळाली तेव्हा परीक्षेला तीस वर्षं झाली होती.

१८९३ मध्ये त्या परत आल्या. आता त्यांना कॉर्नेलियाबाई म्हणू या. हातात कायद्याचं ज्ञान होतं, पण सनद नव्हती. सनदेशिवाय वकील म्हणून कोर्टात उभं राहता येत नाही. मग त्यांनी जिथं फट सापडेल तिथून आत शिरायचं ठरवलं. संस्थानांत राजाच्या परवानगीनं बाजू मांडता यायची, म्हणून त्या संस्थानांत गेल्या. एका राजापुढे त्यांनी चक्क एका हत्तीच्या हक्कासाठी बाजू मांडली. राजानं निकाल त्यांच्या बाजूनं दिला, पण मुद्दे ऐकून नव्हे, तर आपल्या कुत्र्याला ही बाई आवडली म्हणून. ही आठवण त्यांनी पुढे स्वतःच सांगितली आहे. ऐकून हसू येतं. पण ऑक्सफर्डला शिकलेल्या बाईचं काम राजाच्या कुत्र्याच्या मर्जीवर चालावं, ह्यात हसण्यासारखं किती आणि वाईट वाटण्यासारखं किती, ते तुम्हीच ठरवा.

दुसरी फट फौजदारी कायद्यात होती. आरोपीच्या वतीनं, न्यायालयानं परवानगी दिली तर, सनद नसलेल्या माणसालाही उभं राहता येत असे. त्या आधारावर १८९६ मध्ये पुण्यात एका खुनाच्या खटल्यात कॉर्नेलियाबाई आरोपीच्या बाजूनं उभ्या राहिल्या. इंग्रजी अंमलातल्या कोर्टात आपल्याकडे बाईनं बाजू मांडली ती बहुधा पहिल्यांदाच.

सनदेसाठी मग त्यांनी परीक्षांमागून परीक्षा दिल्या. १८९७ मध्ये मुंबई विद्यापीठाची एलएलबी, १८९९ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाची वकिलीची परीक्षा. दोन्ही पास झाल्या. सनद तरीही नाही. नाही म्हणण्याचं कारण एकच, तुम्ही बाई आहात.

आता ह्या सगळ्या धडपडीमागे त्यांचं म्हणणं काय होतं, ते नीट समजून घेऊ. कॉर्नेलियाबाई असं म्हणत नव्हत्या की मी हुशार आहे म्हणून मला सनद द्या. त्यांचं बोट पडद्याकडे होतं. त्या काळी बंगाल, बिहार, गुजरात आणि उत्तरेकडे मोठमोठ्या घरांतल्या बायका पडद्यात राहत. परपुरुषासमोर यायचं नाही, बोलायचं नाही. नवरा मेला की हजारो एकरांची जमीनदारी बाईच्या नावावर यायची, आणि तिला ती डोळ्यांनी पाहतासुद्धा येत नसे. कारभारी सांगेल ते खरं. पडद्याच्या खालून कागद आत सरकवला जायचा, आतून अंगठा उमटून बाहेर यायचा. आत अंगठा कुणाचा उमटला, तोही प्रश्नच.

न्यायालयांनाही हे कळत होतं. पडद्यातल्या बाईचा कागद पुढे आला, तर तो कागद तिला समजावून सांगितला होता, तिनं समजून अंगठा दिला आणि तिला दुसऱ्या कुणाचा स्वतंत्र सल्ला मिळाला होता, हे कागद पुढे करणाऱ्यानं सिद्ध करावं, असा नियम न्यायालयांनी घालून दिला होता. नियम उत्तम. पण मैत्रिणींनो, तिला स्वतंत्र सल्ला देणार कोण? पुरुष वकील आत जाऊ शकत नाही, आणि बाई वकील होऊ शकत नाही. म्हणजे विहीर आहे, दोरही आहे, फक्त पाणी काढणाऱ्याला वाड्यात यायला मनाई.

१९०२ पासून कॉर्नेलियाबाईंनी हे गाऱ्हाणं लंडनपर्यंत नेलं. वर्तमानपत्रांत लिहिलं, अधिकाऱ्यांना भेटल्या. शेवटी १९०४ मध्ये बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्समध्ये त्यांची नेमणूक झाली. कोर्ट ऑफ वॉर्ड्स म्हणजे अज्ञान वारस आणि विधवांच्या जमीनदाऱ्या सांभाळणारं सरकारी खातं. पुढे बंगालबरोबर बिहार, ओरिसा आणि आसामही त्यांच्याकडे आलं.

वीस वर्षांच्या आसपास त्यांनी हे काम केलं. रेल्वेनं, होडीनं, पालखीनं, कधी घोड्यावरून त्या वाड्यावाड्यांतून फिरल्या. नुसते कागद तपासून काम भागत नसे. विधवेला खर्चाला ठरलेली रक्कम खरंच हातात पडते का, लहान वारसाला कोण शिकवतं, सवतींच्या भांडणात कुणाच्या जिवाला धोका आहे का, दत्तक कुणाच्या दबावानं घेतला जातो आहे, हे सगळं चुलीजवळ, देवघरात, बाळंतिणीच्या खोलीत बसून ऐकावं लागे. जिथं बायका बोलतात तिथं त्या जाऊन बसल्या. सहाशेच्या वर बायका आणि मुलांना त्यांच्या कामाचा आधार झाला, असं त्यांच्याबद्दल लिहिलेलं आढळतं.

आमच्या केळझरला लोक एकचक्रानगरी म्हणतात. बकासुराची गोष्ट इथल्या पोराबाळांना पाठ आहे. रोज एका घरानं गाडाभर अन्न आणि एक माणूस द्यायचा. त्या गोष्टीत भीमाचा पराक्रम सगळ्यांना आठवतो. पण यजमानाच्या घरातलं रडणं ऐकून आत कोण गेलं? कुंती गेली. घरात शिरून, काय झालं म्हणून विचारलं कुंतीनं. तिनं विचारलं नसतं, तर भीमाला कळलंच नसतं की आज कुणाच्या घरावर पाळी आहे. कॉर्नेलियाबाईंचं काम मला कुंतीसारखं वाटतं. आधी आत जाऊन विचारायचं. लढाई त्याच्या पुढची.

मात्र हे सगळं करताना त्या होत्या सल्लागार. वकील नव्हत्या. बाईनं अडचण सांगितली तरी कोर्टात ती मांडायला पुन्हा पुरुषच लागे. सनदेचं दार बंदच होतं, आणि त्याला कुलूप घातलं होतं एका शब्दाचं.

तो शब्द म्हणजे ‘व्यक्ती’. १८७९ च्या वकिलीच्या कायद्यात लिहिलं होतं की अमुक पात्रता असलेल्या व्यक्तीला सनद मिळेल. पुरुषाला मिळेल असं कुठेच लिहिलेलं नव्हतं. १९१६ मध्ये कलकत्त्याच्या रेजिना गुहा ह्यांनी सनदेसाठी अर्ज केला. त्या एम.ए. होत्या, कायद्याची पदवी होती. उच्च न्यायालयाच्या मोठ्या पीठापुढे प्रश्न गेला. पुल्लिंगी शब्दात बाईसुद्धा धरायची, असा कायदे वाचण्याचा सर्वसाधारण नियम आहे. तो त्यांच्या बाजूनं दाखवला गेला. न्यायाधीशांनी सांगितलं, इथं तसं धरता येणार नाही, कारण कायदा करणाऱ्यांच्या मनात तेव्हा बाई नव्हतीच. १९२१ मध्ये सुधांशुबाला हाजरा पाटणा उच्च न्यायालयात गेल्या. त्यांनाही तेच उत्तर मिळालं.

गंमत पाहा. चोरी केली, कर बुडवला, तर कायद्यातल्या ‘जो कोणी’मध्ये बाई न विचारता मोजली जायची. शिक्षेच्या वेळी ती व्यक्ती, सनदेच्या वेळी मात्र नाही.

त्याच १९२१ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयानं मात्र वेगळा निर्णय घेतला आणि कॉर्नेलिया सोराबजी ह्यांना सनद दिली. परीक्षा पास होऊन बावीस वर्षं झाली होती. त्यांचं वय तेव्हा ५४. एक न्यायालय हो म्हणतं, दुसरं नाही म्हणतं, असा घोळ झाल्यावर १९२३ मध्ये कायदाच केला गेला: केवळ बाई आहे म्हणून कुणालाही वकिलीची सनद नाकारता येणार नाही. रेजिना गुहा, सुधांशुबाला हाजरा ह्यांची नावं आपण फारशी ऐकत नाही. त्या कोर्टात हरल्या होत्या. पण त्या अर्ज करून हरल्या नसत्या, तर कायदा बदलायची गरज कुणाला वाटली नसती. गटात कर्जाचा अर्ज नामंजूर झाला की आपण खचतो. नामंजूर झालेला अर्जसुद्धा कुठेतरी नोंदलेला राहतो, आणि पुढच्या बाईच्या उपयोगी पडतो.

१९२३ मध्येच आपल्या मुंबईच्या मिठन टाटा लंडनच्या लिंकन्स इनमधून बॅरिस्टर झाल्या. लग्नानंतर त्या मिठन लाम. त्यांनी आणि त्यांची आई हेराबाई ह्यांनी १९१९ मध्ये लंडनला जाऊन हिंदुस्थानातल्या बायकांना मताचा हक्क मिळावा म्हणून साक्ष दिली होती. मुंबई उच्च न्यायालयात वकिली करणाऱ्या त्या पहिल्या बाई. त्यांच्या पहिल्या खटल्याची गोष्ट सांगितली जाते. अशिलानं त्यांनाच वकील नेमलं ते त्यांच्या हुशारीसाठी नव्हे. आपला विरोधक एका बाईकडून हरला, अशी त्याची फजिती व्हावी, म्हणून. म्हणजे दार उघडलं, पण आत बसलेल्यांची नजर बदलायला वेळ होता. मिठनबाई काम करत राहिल्या. १९४७ मध्ये त्या मुंबईच्या पहिल्या महिला शेरीफ झाल्या.

आणि १९२३ मध्येच आणखी एक माणूस मुंबई उच्च न्यायालयात वकिलीला उभा राहिला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर. सनदेची फी भरायलाही त्यांना मित्राची मदत घ्यावी लागली. बॅरिस्टर, त्यावर अमेरिकेतल्या आणि लंडनमधल्या पदव्या. तरी मोठे खटले सॉलिसिटरांच्या हातून मिळत, आणि अस्पृश्य म्हणवल्या गेलेल्या माणसाला ते मिळेनात. मग त्यांनी गोरगरिबांची, खालच्या कोर्टातली कामं घेतली. कॉर्नेलियाबाईंना जे दार बाई म्हणून बंद होतं, तेच बाबासाहेबांना जात म्हणून अर्धवट उघडं होतं. बाबासाहेब पुढे १९३५ मध्ये मुंबईच्या सरकारी विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. १९४५ मध्ये त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि त्या संस्थेनं कायद्याचं कॉलेजही काढलं. एकट्यानं आत जाऊन भागत नाही, मागच्यांसाठी शिडी लावावी लागते, हे त्यांनी ओळखलं होतं.

आता कॉर्नेलियाबाईंची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आपण वर्ध्याच्या मातीतली माणसं, सेवाग्राम आपल्या हाकेच्या अंतरावर. कॉर्नेलियाबाई इंग्रजी राज्याच्या बाजूच्या होत्या. गांधीजींचं राजकारण त्यांना पटलं नाही आणि तसं त्यांनी उघड लिहिलं. कॅथरीन मेयो ह्या अमेरिकन बाईनं १९२७ मध्ये हिंदुस्थानाची बदनामी करणारं पुस्तक लिहिलं, त्याचीही त्यांनी पाठराखण केली. त्यामुळे इथल्या स्त्री-चळवळीतल्या बायका त्यांच्यापासून दुरावल्या. कलकत्त्याच्या उच्च न्यायालयात १९२४ पासून त्यांनी वकिली केली, पण तिथं बहुतेक वेळ बाजू लिहून देण्याचंच काम वाट्याला आलं. १९२९ नंतर त्या लंडनला राहायला गेल्या आणि ६ जुलै १९५४ रोजी तिथंच वारल्या. आपल्या देशानं त्यांना बरीच वर्षं विसरूनच टाकलं.

ज्या काळात याच जिल्ह्यातल्या बायका चरखा घेऊन, तुरुंगात जाऊन स्वातंत्र्यासाठी झटत होत्या, त्या काळात ह्या बाई इंग्रजांची बाजू घेत होत्या, हे मलाही आवडत नाही. ते लपवायचं कारण नाही. पण पडद्याआड जाऊन बसलेली बाईही तीच. एखाद्या माणसाचं एक मत चुकलं म्हणून त्याचं सगळं काम पुसायचं, असं केलं तर आपल्या गावात तरी कोण उरेल?

पुढचा इतिहास भराभर सांगते, कारण तो खूप हळूहळू घडला आहे. मुंबई उच्च न्यायालय १८६२ मध्ये सुरू झालं. तिथं पहिल्या महिला न्यायाधीश, सुजाता मनोहर, १९७८ मध्ये आल्या. ११६ वर्षं लागली. १९८६ मध्ये इंदिरा जयसिंग मुंबई उच्च न्यायालयातल्या पहिल्या महिला ज्येष्ठ वकील झाल्या. सर्वोच्च न्यायालयात पहिल्या महिला न्यायाधीश फातिमा बीवी १९८९ मध्ये आल्या, आणि १९५० पासून २०२१ पर्यंत तिथं सगळ्या मिळून ११ बायका न्यायाधीश झाल्या. मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की तिथल्या वकील संघटनेच्या कार्यकारिणीत एक तृतीयांश जागा बायकांसाठी ठेवा. आपल्या ग्रामपंचायतीत बायकांचं आरक्षण येऊन तेव्हा तीस वर्षं झाली होती. ह्या बाबतीत गाव पुढे आणि दिल्ली मागे. आणि मे २०२५ मध्ये आपल्या शेजारच्या अमरावतीचे भूषण गवई देशाचे सरन्यायाधीश झाले. त्या खुर्चीवर बसलेले ते अनुसूचित जातीतले दुसरे आणि पहिले बौद्ध.

ही नावं ऐकली की आपल्याला अभिमान वाटतो, वाटलाच पाहिजे. पण मला वाटतं, कोर्टात सगळ्या तऱ्हेची माणसं हवीत ती नुसती मान म्हणून नव्हे. सगळ्या तऱ्हेची माणसं तिथं गाऱ्हाणं घेऊन जातात, म्हणून हवीत. ऐकणारा आपल्यासारखा असला की निम्मं गाऱ्हाणं आपोआप ओठावर येतं. कॉर्नेलियाबाईंनी आयुष्यभर एवढंच सांगितलं.

आमच्या त्या बाईचं पुढे काय झालं? मी तिला घेऊन जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात गेले. १९८७ चा कायदा आहे: बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, सरकारकडून फुकट वकील मिळतो. दारिद्र्यरेषेचं कार्ड लागत नाही. मदतीसाठी १५१०० हा फोन आहे, तो लिहून ठेवा. बाई वकील हवी, अशी विनंती आम्ही केली. ज्या मिळाल्या त्या तिशीतल्या, आपल्यासारख्याच खेड्यातून शिकून आलेल्या. त्यांनी मला म्हटलं, "ताई, तुम्ही जरा बाहेर बसता का?" मी बाहेर बसले. तासाभरानं दार उघडलं. आमच्या बाईचे डोळे लाल होते, पण ती ताठ चालत बाहेर आली. दिराविरुद्ध तक्रार झाली. वारसनोंद झाली, सातबाऱ्यावर तिचं नाव आलं. तक्रारीचं काम अजून चालू आहे. सगळं सुटलं असं मी म्हणणार नाही. पण जे सांगायचं होतं ते तिनं सांगितलं.

शेवटी एक विनंती. आपल्या गटांतल्या किती मुली बारावी झाल्या की डीएड, नर्सिंग, नाहीतर लग्न, एवढाच विचार होतो. बारावीनंतर पाच वर्षांचा आणि पदवीनंतर तीन वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम असतो. मी बी.ए. झाले तेव्हा मला हे कुणी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही, कारण काळा कोट हा आपला विषय आहे असं कधी वाटलंच नाही. तुमच्या घरी मुलगी असेल, ती प्रश्न विचारत असेल, भांडणात दोन्ही बाजू ऐकून घेत असेल, तर तिला ही गोष्ट सांगा. पुढच्या बैठकीत प्रत्येक गटानं अशी एक तरी मुलगी शोधायची, असं आम्ही केळझरमध्ये ठरवलं आहे. तुम्हीही ठरवा.

आणि कागद पुढे आला तर आधी वाचा. वाचता येत नसेल तर दुसऱ्या बाईकडून वाचून घ्या. मग सही करा.